बारबेलने ट्रायसेप्स मारताय? आधी रॉड खाली कसा ठेवायचा ते ठरवा

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, संध्याकाळी साडेसात-आठला कुठल्याही जिममध्ये शिरा, एक तरी बेंच असा दिसेलच की त्यावर कोणीतरी आडवा पडून झिगझॅग रॉड कपाळाकडे आणतोय, कोपरं दोन्ही बाजूंना फाकलेली, मनगटं मागे मोडलेली, आणि स्पॉट द्यायला, म्हणजे रॉड अडकला तर धरायला, डोक्याशी उभा केलेला मित्र मोबाइलमध्ये. आठ-दहा रेप्स, म्हणजे रॉड तितक्या वेळा खाली-वर, कशाबशा होतात आणि मग खरी गंमत सुरू होते, कारण सेट संपल्यावर तो रॉड जाणार कुठे हे दोघांपैकी कोणीच ठरवलेलं नसतं.

बारबेलने, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या लांब रॉडने, ट्रायसेप्स (दंडाच्या मागचा मसल) करायला माझी अजिबात ना नाही. वजन हळूहळू वाढवता येतं, दोन्ही हात एकदम काम करतात, केबल मशिनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बायसेप्स कर्ल फसला तर रॉड फार तर मांडीवर येतो. ट्रायसेप्सच्या जवळपास प्रत्येक बारबेल एक्सरसाइजमध्ये रॉड छातीवर, तोंडावर नाहीतर डोक्यावर असतो, आणि ज्या मसलने तो धरलाय तोच मसल दमत चाललेला असतो. म्हणून माझा क्रम जरा उलटा आहे. एक्सरसाइज शिकताना आधी तो सोडायचा कसा ते शिका, फॉर्म त्यानंतर.

आधी दोन मिनिटं शरीराबद्दल, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. ट्रायसेप्सचे तीन हेड, म्हणजे भाग. त्यातला लाँग हेड खांद्याच्या फऱ्यापासून निघतो, बाकीचे दोन दंडाच्या हाडावरून, आणि तिघं मिळून एका टेंडनने (मसल हाडाला जोडणारी दोरी) कोपराच्या टोकाला चिकटतात. टेबलावर हात टेकवला की जे टोकदार हाड लागतं ना, तिथेच. म्हणजे तुम्ही कुठलाही ट्रायसेप्स करा, शेवटी सगळा ताण त्या एवढ्याशा जागेवर येतो. आणि लाँग हेड खांदा ओलांडून जातो म्हणून हात डोक्यावर नेला की तो जास्त ताणला जातो. जपानमधल्या संशोधकांनी हे तपासलं होतं, प्रत्येकाचा एक हात डोक्यावर ठेवून आणि दुसरा खाली ठेवून १२ आठवडे केबलवर ट्रायसेप्स करून घेतले, आणि डोक्यावरच्या हातात मसल जास्त वाढला. ते केबलवर होतं, रॉडवर नाही, हे खरं, पण तत्त्व तेच. मुद्दा असा की ओव्हरहेड प्रकार कामाचे आहेत, फक्त ते सगळ्यांच्या खांद्याला पहिल्या दिवसापासून झेपत नाहीत, त्यावर पुढे येतोच.

रॉड कुठला घ्यायचा

मोठा सात फुटी ऑलिंपिक बार २० किलोचा असतो, हे बहुतेकांना माहितीय. घोळ होतो तो पाच फुटी रॉड आणि झिगझॅग रॉडमध्ये. आपल्याकडे प्रत्येक जिममध्ये हे वेगवेगळ्या वजनाचे असतात, काही पोकळ, काही भरीव, आणि कोणी विचारलं तर "सहा-सात किलो असेल रे" असं उत्तर मिळतं. वजनकाट्यावर उभं राहा, मग रॉड हातात घेऊन उभं राहा, फरक बघा, संपलं. एकदाच करायचंय. नाहीतर इथे १५ किलो आणि दुसऱ्या जिममध्ये १५ किलो यात चार-पाच किलोचा फरक निघतो, आणि ट्रायसेप्सला चार किलो म्हणजे खूप.

सरळ रॉड की झिगझॅग? क्लोज ग्रिप बेंच प्रेसला, म्हणजे झोपून जवळच्या पकडीने छातीवरून ढकलायला, सरळ. स्कल क्रशर (झोपून, कोपर वाकवून रॉड डोक्याकडे आणायचा) आणि ओव्हरहेडला (तेच, पण हात डोक्यावर नेऊन) झिगझॅग, डोळे मिटून. सरळ रॉडवर तळहात पूर्ण फिरवून धरावा लागतो आणि कोपर वाकवताना तो पीळ मनगटावर आणि कोपरावर जातो. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांची मनगटं दिवसभर कीबोर्डवर आधीच आखडलेली असतात, त्यात संध्याकाळी सरळ रॉडवर स्कल क्रशर म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

पावसाळ्याचं वेगळं सांगावं लागेल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की एसी नसलेल्या जिममध्ये दुसऱ्या सेटलाच तळहात ओले होतात, रॉडला गंज धरतो, आणि गंजलेल्या रॉडची ग्रिप चांगली लागते असं वाटतं पण ओल्या हातात तो सरकतोच. एक छोटा नॅपकिन फक्त रॉड पुसायला ठेवा, तोंड पुसायचा वेगळा. जिममध्ये चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी पावडर) चालत असेल तर थोडा लावा. जाड गादीवाले ग्लोव्हज मात्र मला पटत नाहीत, रॉड उगाच जाड होतो, मुठीत गोल फिरतो, आणि डोक्यावर धरलेला रॉड फिरणं ही काही मजेची गोष्ट नाही.

अंगठा. रॉडभोवती गुंडाळलेलाच पाहिजे, कायम. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवून बेंच मारणारे मोठमोठे लिफ्टर व्हिडिओत दिसतात, दिसू देत. घसरला तर रॉड थेट छातीवर नाहीतर गळ्यावर.

वॉर्मअप

थंड कोपराला एकदम वजन दिलं की ते लगेच काही बोलत नाही, दोन-तीन आठवड्यांनी बोलतं. पाच मिनिटं अंग गरम होईल असं काहीतरी करा, जिना चढलात तरी चालेल. मग दहा-पंधरा पुशअप, भिंतीवर हात टेकवून केले तरी चालतील. मग केबलवर किंवा रबर बँडवर अगदी हलके पुशडाउन (कोपर अंगाशी ठेवून हात खाली दाबत सरळ करायचे), वीस-पंचवीस, नुसतं कोपरात रक्त यावं म्हणून. त्यानंतर जो एक्सरसाइज करणार त्याचाच एक सेट रिकाम्या रॉडवर. रिकामा रॉड घ्यायला लाज वाटते हे मी समजू शकतो, समोरच्या आरशात सगळी पोरं दिसत असतात, पण त्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या सेटचं पडलेलं असतं आणि उरलेली रील बघत असतात.

क्लोज ग्रिप बेंच प्रेस

सुरुवात याने करा, जड वजन यालाच शोभतं, कारण छाती आणि खांदा मदतीला असतात आणि सगळा भार कोपरावर येत नाही.

"क्लोज" ऐकून लोक दोन हात एकमेकांना चिकटवतात, मध्ये चार बोटांची जागा. तसं करू नका. इतक्या जवळ धरलं की मनगट आतल्या बाजूला मोडतं, रॉड डुगडुगतो आणि ट्रायसेप्सला जास्त काही मिळतही नाही. हात खांद्यांच्या रुंदीएवढे, बस. ऑलिंपिक बारवर मधला गुळगुळीत भाग संपून खरबरीत भाग जिथे सुरू होतो, साधारण तिथे पहिलं बोट, तुमचे खांदे रुंद असतील तर अजून थोडं बाहेर. रॉड बोटांच्या मुळाशी नाही तर तळहाताच्या खालच्या जाड भागावर, म्हणजे मनगटाच्या हाडाच्या बरोबर वर बसला पाहिजे. मनगट सरळ.

बेंचवर असं झोपा की डोळे रॉडच्या खाली येतील. पाय पूर्ण जमिनीला, खांद्याचे फरे मागे आणि खाली ओढून बेंचला दाबून ठेवा. रॉड काढा, खांद्यांच्या वर आणा, श्वास घ्या, आणि दोन-तीन सेकंद घेत छातीच्या खालच्या भागावर आणा. कोपरं अंगाला चिकटवायची नाहीत आणि फाकवायचीही नाहीत, मधलं, अंगापासून साधारण ३० ते ४५ अंश. खाली आल्यावर कोपर ते मनगट हा भाग उभा सरळ दिसला पाहिजे, समोरून पण आणि बाजूने पण. तो तिरका दिसत असेल तर एकतर ग्रिप चुकली किंवा रॉड पोटाकडे नाहीतर गळ्याकडे गेला. छातीला हलकं टेकवा, आपटून उसळी घेऊ नका, मग वर ढकला, श्वास सोडा.

ठेवताना आधी हात सरळ करा, मग रॉड मागे न्या, दोन्ही खांबांना टेकला याची खात्री झाली की खाली हुकमध्ये सोडा. डायरेक्ट हुकवर नेम धरून ठेवायला गेलात की दमलेल्या हाताने एक बाजू चुकते आणि तिथेच वाट लागते.

आता फसलात तर काय. पॉवर रॅक (खांबांची लोखंडी चौकट) असेल तर त्याच्या सेफ्टी पिना, म्हणजे रॉड अडवणाऱ्या आडव्या दांड्या, अशा उंचीवर लावा की छाती फुगवलेली असताना रॉड छातीला टेकेल पण छाती सैल सोडली की रॉड पिनांवर बसेल. रिकाम्या रॉडने आधी तपासून बघा. रॅक नसेल तर स्पॉटर हवाच, आणि त्याला आधी सांगा की "मी घे म्हणेन तेव्हाच धर, पण घे म्हटलं की दोन्ही हातांनी धर". दोन्ही नसेल, घरी एकटेच असाल, तर या एका एक्सरसाइजला रॉडच्या टोकांना प्लेटा अडवणाऱ्या क्लिप लावू नका. ऐकायला विचित्र वाटतं, पण रॉड छातीवर अडकला तर एका बाजूला तिरका करून प्लेटा सोडून देता येतात. आवाज होईल, खालच्या मजल्यावरचे काका वर येतील, दुसरी बाजू झटक्यात उलटेल म्हणून आसपास कोणी लहान मूल नको, पण छाती मोकळी होते. क्लिप असेल तर तोही रस्ता बंद. बाकी सगळ्या एक्सरसाइजना मात्र क्लिप पाहिजेच, तिथे तिरका झालेला रॉड म्हणजे डोक्याजवळ पडणारी प्लेट.

एकट्याने करणाऱ्यांसाठी अजून एक रस्ता, फ्लोअर प्रेस. हाच प्रकार जमिनीवर झोपून, दंड जमिनीला टेकला की थांबायचं आणि परत वर. मोठ्या ऑलिंपिक प्लेटा असतील, ४५ सेंटिमीटर व्यासाच्या, तर रॉड छाती चिरडेल इतका खाली सहसा येत नाही, प्लेटा आधी जमिनीला लागतात. घरच्या सेटमधल्या छोट्या पीव्हीसी प्लेटांना हा फायदा नाही हे लक्षात असू द्या.

स्कल क्रशर

सगळ्यात जास्त कोपरं इथे बिघडतात, म्हणून जरा वेळ घेतो.

वजन. क्लोज ग्रिपला जे उचलता त्याच्या निम्म्यापेक्षाही कमीने सुरू करा. नवीन असाल तर रिकामा झिगझॅग रॉड, त्यावर बारा-पंधरा रेप्स आरामात आणि एकसारख्या होत असतील तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. पाच-पाचची नाही. सव्वाच्या प्लेटा जिममध्ये कुठेतरी कोपऱ्यात, डंबेल रॅकच्या खाली वगैरे पडलेल्या असतात, शोधा.

रॉड घ्यायचा कसा? बेंचच्या टोकाला बसा, रॉड मांडीवर, अगदी कमरेजवळ. छातीशी धरून मागे झोपा, मग छातीवरून बेंच प्रेससारखा वर ढकला. जमिनीवर डोक्यामागे ठेवलेला रॉड झोपून हात मागे टाकून ओढून घेणारे पाहिलेत मी, खांद्याला तो सगळ्यात वाईट कोन आहे, तसं नको. मित्राने हातात दिला तर उत्तमच.

डोकं बेंचच्या टोकाशी येईल असं झोपा, म्हणजे रॉड डोक्यामागे जायला जागा राहते. झिगझॅगच्या आतल्या वाकलेल्या भागावर ग्रिप, तळहात किंचित एकमेकांकडे. रॉड वर असताना दंड अगदी काटकोनात उभा ठेवू नका, थोडासा डोक्याच्या दिशेने कलता ठेवा. दंड उभा असला की वर हात सरळ झाल्यावर सगळं वजन हाडांवर टेकतं आणि ट्रायसेप्स सुट्टीवर जातो, कलता असला की तो पूर्ण वेळ कामावर राहतो. शिवाय कलत्या दंडाने रॉड नाकावर न येता केसांच्या रेषेकडे किंवा टाळूच्या मागे जातो, आणि हा फरक सुरक्षिततेसाठी फार मोठा आहे. कपाळावर नेम धरू नका. टाळूच्या जरा मागे आणा, कोपरालाही ते सोपं जातं.

खाली आणायला तीन सेकंद. कोपर इथे दाराच्या बिजागरीसारखं वागलं पाहिजे, एका जागी राहून फक्त उघडायचं आणि मिटायचं. दंड थोडासा मागेपुढे होतो, तेवढं चालतं. पण दर रेपला कोपरं छातीकडे यायला लागली की समजा स्कल क्रशर संपला आणि बेंच प्रेस सुरू झाला, आणि कोपरं बाहेर फाकायला लागली की वजन जास्त आहे. दोन्हीपैकी काहीही झालं की सेट तिथेच थांबवा, "अजून दोन मार, दोन मार" असं कोणी कितीही ओरडू दे. कोपरं जबरदस्तीने आत दाबूनही धरू नका, प्रत्येकाच्या हाडाची ठेवण वेगळी, खांद्याएवढ्या अंतरावर नैसर्गिकपणे राहतील तशी राहू द्या.

खाली पोचलात की क्षणभर थांबा, झटका देऊन उसळी घेऊ नका. टेंडन पूर्ण ताणलेला असतो आणि त्याच क्षणी झटका बसला की नुकसान होतं. वर जाताना हात सरळ करा पण शेवटी कोपर "टक्" करून लॉक मारू नका.

हे सगळं बरोबर होतंय की नाही ते स्वतःला आतून कळत नाही. पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल बेंचच्या बाजूला, बेंचच्याच उंचीवर ठेवा आणि एक सेट शूट करा. मग फक्त दंडाकडे बघा, बाकी काही बघू नका. पहिल्या रेपला दंड जिथे होता तिथेच दहाव्या रेपला आहे का? नसेल तर उत्तर मिळालं.

आता सुटका. समजा रॉड कपाळाजवळ आहे आणि वर जात नाहीये. मनगटं मोडून ढकलायचा प्रयत्न करू नका. कोपरं पायांच्या दिशेने खाली, बरगड्यांजवळ आणा, रॉड आपोआप छातीवर येतो, आणि छातीवरून तो क्लोज ग्रिपसारखा ढकलता येतो किंवा सरळ पोटावरून मांडीवर घेऊन उठून बसता येतं. रोजचा सेट संपवायची पण हीच पद्धत, दमलेल्या हातांनी रॉड डोक्यामागे जमिनीवर टाकायचा नाही, मागे कोण बसून बुटाची लेस बांधतंय काही सांगता येत नाही. रिकाम्या रॉडवर ही सुटका चार-पाच वेळा करून बघा, मगच प्लेट लावा.

स्पॉटर डोक्याशी उभा राहील तर त्याचे हात रॉडच्या खाली, रॉडबरोबर खालीवर जाणारे, न टेकता. मोबाइल खिशात. हा नियम मी तरी कोणासाठी सोडत नाही.

ओव्हरहेड

आधी भिंतीची टेस्ट. भिंतीला पाठ, कंबर, डोकं टेकवून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. हात सरळ ठेवून वर न्या, कानांजवळ. कंबर भिंतीपासून सुटून कमान झाली किंवा हात वर पोचलेच नाहीत, तर रॉड घेऊन ओव्हरहेड तुमच्यासाठी आत्ता नाही. दिवसभर लॅपटॉप आणि जाता-येता पनवेल लोकलमध्ये मान खाली घालून मोबाइल, खांदे पुढे आलेलेच असतात, त्यात विशेष काही नाही. अशांनी बेंच ३०-४५ अंशांवर तिरका लावून त्यावर झोपून हाच एक्सरसाइज करावा, लाँग हेडला ताण मिळतो आणि कंबर सुरक्षित.

ज्यांना जमतं त्यांनी पाठीला टेकू असलेल्या बेंचवर बसून करा, उभं राहून नंतर. रॉड रॅकवर छातीच्या उंचीला ठेवा नाहीतर मित्राकडून घ्या. छातीपासून वर प्रेस करून डोक्यावर न्या, मग कोपर वाकवत डोक्यामागे, सावकाश, जिथपर्यंत खांद्यात चिमटा न बसता ताण जाणवतो तिथपर्यंत. बरगड्या खाली दाबून, पोट आणि कुल्ले घट्ट. कोपरं समोर आणि वर बघणारी, पूर्ण समांतर नसली तरी चालेल. जड वजन इथे नाहीच, बारा-पंधरा रेप्स होतील एवढंच. परत येताना रॉड वर, मग छातीवर, मग रॅकवर. डोक्यामागे अडकला तर मान पुढे काढून पाठीवर घ्यायला जाऊ नका, स्पॉटरला उचलू द्या, म्हणूनच या एक्सरसाइजला एकट्याने फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढची रेप निघतच नाही इथपर्यंत, जायचं नाही.

घरी करणाऱ्यांनो, पंखा. आपल्या बिल्डिंगमधलं सिलिंग नऊ-साडेनऊ फुटांचं, पंखा त्याच्या फूटभर खाली, आणि पाच फूट आठ इंचाच्या माणसाने हात वर केला की मूठ सात फुटांच्या आसपास जाते, वर प्लेटची उंची आणि बेंचवर उभं राहायची हौस असेल तर विचारायलाच नको. पंख्याच्या खालून बाजूला सरका आणि बसूनच करा. जमिनीवर रबर मॅट टाका, ओल्या टाइल्सवर बेंच सरकतो.

जेएम प्रेससारखे (क्लोज ग्रिप आणि स्कल क्रशरची सरमिसळ) प्रकार व्हिडिओत बघून करावेसे वाटतात, वर्षभर वरचे तीन नीट केल्याशिवाय तिकडे जाऊ नका एवढंच सांगतो.

किती आणि कधी

क्लोज ग्रिप ६ ते १० रेप्स, तीन सेट. त्यानंतर स्कल क्रशर किंवा ओव्हरहेड यातला एकच, १० ते १५ रेप्स, दोन-तीन सेट. एका दिवसात दोन्ही नकोत, कोपराचं काम तेच आहे. सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं. शेवटच्या रेपनंतर अजून दोन निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि मोजताना छाती-खांद्याचे प्रेसही धरा, कारण त्यातही ट्रायसेप्स राबतोच. सोमवारी छाती, मंगळवारी खांदा, बुधवारी ट्रायसेप्स असं शेड्यूल बऱ्याच जिमच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, त्यात कोपराला तीन दिवस सलग सुट्टीच नाही. छातीच्याच दिवशी ट्रायसेप्स उरका.

आणि गोविंदा पथकातले असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये वेगळा हिशेब. रात्री अकरापर्यंत थर लावायचा सराव, खांद्यावर माणसं, कोपरं सतत धरून ठेवलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कल क्रशर? त्या दिवसांत हलके पुशडाउन करा, रॉड दहीहंडी झाल्यावर.

दुखलं तर

मसल दुखणं आणि कोपर दुखणं वेगळं. दंडाच्या मागे दोन दिवस ठणकतंय, चालायचंच. कोपराच्या टोकाशी, जिथे टेंडन चिकटतो तिथे, सकाळी दात घासताना किंवा खुर्चीवरून हात टेकून उठताना चमक येत असेल तर तो टेंडन तक्रार करतोय. ओव्हरहेड आणि स्कल क्रशर बंद, क्लोज ग्रिप दुखत नसेल तर हलका चालू, केबलवर दोरीने सावकाश पुशडाउन, आणि काही आठवडे संयम. दुखतंय म्हणून पेनकिलर खाऊन जिमला जाणारे आहेत, ते बंद करा, दुखणं तिथेच राहतं फक्त तुम्हाला कळत नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील तर कोपरामागून जाणारी नस दाबली जातेय, वजन कमी करून उपयोग नाही, दाखवून घ्या. कोपराच्या टोकावर मऊ फुगा आला आणि तो लाल, गरम झाला, ताप आला, तर डॉक्टर. आणि "कट्" आवाज येऊन हात सरळ करायची ताकदच गेली, कोपराच्या वर खळगा पडला, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे, बर्फ लावून रविवारची वाट बघायची नाही, टेंडन तुटल्याची ती लक्षणं आहेत. हे क्वचित होतं, स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये जास्त.

एक गोष्ट जिममध्ये कोणी सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्सनी टेंडन कमजोर होऊ शकतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००८ मध्ये यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे पोट बिघडलं, लघवीचं इन्फेक्शन झालं की या गोळ्या सर्रास मिळतात. असा कोर्स चालू असेल किंवा नुकताच झाला असेल तर जड रॉड कधी उचलायचा ते डॉक्टरांना विचारा, आणि गोळी केमिस्टकडून मनाने घेऊ नका.

शेवटी सामान काढताना. बेंचच्या रॅकवर रॉड असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेटा काढून मग दुसरीकडे जाऊ नका, एक इकडची, एक तिकडची, अशा काढा. रॅकचे खांब जवळ असतात, एक बाजू रिकामी आणि दुसरीकडे दोन वीसच्या प्लेटा राहिल्या की रॉड उलटून हवेत जातो, आणि गर्दीच्या वेळी त्या टोकाला बहुतेक वेळा कोणीतरी आपल्या नंबरची वाट बघत उभा असतो.